'हार्ड' दिसलं की कठीण म्हणून मोकळं होऊ नका

परवा आठवीतली भाची विचारते, "मामा, हार्ड वॉटर म्हणजे बर्फ ना?" हसू नका, हार्ड म्हणजे कठीण एवढंच पाठ केलं की हेच होणार. तिला सरळ बाथरूममध्ये नेलं, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडतात, बिचारीने साबण चोळ चोळ चोळला पण फेस काही येईना, आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की असं होतं, म्हणून तर आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे.

तर अर्थ ओळखायचा कसा, पुढचा शब्द बघायचा आणि मग त्याच्या उलट काय असेल ते शोधायचं. पेपर हार्ड होता, याच्या उलट ईझी, म्हणजे अवघड. गादी हार्ड, उलट सॉफ्ट, म्हणजे टणक. हार्ड कॉपीच्या उलट पण सॉफ्टच, पण इथे मऊपणाचा काही संबंध नाही, कागदावरची प्रत एवढंच. हार्ड ड्रिंक म्हणजे दारू. काही ठिकाणी मात्र ही ट्रिक चालत नाही, उदा. हार्ड ऑफ हिअरिंग म्हणजे कमी ऐकू येणारा, हार्ड अप म्हणजे पैशांची चणचण असलेला, हे पाठच करायचं.

आता आपल्या लोकांची खास गडबड म्हणजे 'कडक'. कडक चहा, कडक ऊन, कडक इस्त्री, कडक मास्तर, सगळीकडे हार्ड लावून चालत नाही हो. चहाला स्ट्राँग, मास्तरांना स्ट्रिक्ट. अमृततुल्यमध्ये काहीही म्हणा, मिळणार तोच चहा, पण अमेरिकेत हार्ड टी मागितलात तर दारू घातलेला येईल. तिकडे हार्ड सायडर पण तसंच, नुसतं सायडर म्हटलं तर साधा सफरचंदाचा रस.

आणि हार्डली! क्विकचं क्विकली होतं म्हणून हार्डचं हार्डली करायचं नाही. 'खूप मेहनतीने' म्हणायचं तरी हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. मी पहिल्या नोकरीत वर्षअखेरच्या फॉर्मवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'आय वर्क हार्डली'. साहेबांनी शेजारी पेन्सिलने बरोबरची खूण केली होती.