पुलाला नाव द्यायचंय? आधी पूल कुणाचा ते बघा

समाजासाठी झटलेल्या माणसाचं नाव पुलाला द्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा फ्लेक्स लागतो आणि अर्ज मागाहून जातो. क्रम उलटा हवा. सुरुवात पुलाच्या मालकीपासून करा.

शहरातला पूल सहसा महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा असतो. ग्रामीण रस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, कालव्यावरचे पूल बहुधा जलसंपदाकडे. रेल्वेवरचा उड्डाणपूल सगळ्यात किचकट. रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पालिकेचे किंवा बांधकाम खात्याचे असू शकतात. खात्री नसेल तर माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दोनच प्रश्न विचारा: पूल कुणाच्या ताब्यात आहे, आणि त्याला आधी नाव देण्याचा ठराव झाला आहे का? दुसरा प्रश्न विसरू नका. जुना ठराव फायलीत पडून असतो, पाटी कधी लागलेलीच नसते, आणि ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात दुसरा गट ती प्रत घेऊन हजर होतो.

अर्ज दोन पानांत बसवा. संपूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, या परिसरात केलेलं काम, त्याची कात्रणं किंवा संस्थेची कागदपत्रं, कुटुंबीयांचं लेखी नाहरकत पत्र. हयात माणसाचं नाव सुचवू नका. बहुतेक ठिकाणी तसा प्रघात नाही आणि विरोधकांना आयतं कारण मिळतं. त्याच व्यक्तीच्या नावाने जवळपास चौक किंवा उद्यान आहे का, तेही आधी पाहा. प्रशासनाचा पहिला शेरा बहुधा त्यावरच येतो.

गाव असेल तर सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांतली कमी असेल ती संख्या. हजेरीवहीवर सह्या कमी असल्या तर ठराव कितीही एकमताने झालेला असो, तक्रारीत टिकत नाही. महापालिकेत नगरसेवकामार्फत प्रस्ताव द्या. सूचक आणि अनुमोदक ठरवून घ्या. विषय विषयपत्रिकेवर छापून यायलाच हवा. घाईत 'ऐनवेळचा विषय' म्हणून मंजूर करून घेतलेला ठराव पुढे स्थगित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, होण्याची भीती असते. मंजुरीनंतर सभेचं इतिवृत्त कायम होईपर्यंत, म्हणजे पुढच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब होईपर्यंत, थांबा आणि मग ठरावाची प्रमाणित प्रत घ्या. बांधकाम खात्याच्या पुलाबाबत कार्यकारी अभियंता फक्त प्रस्ताव पुढे पाठवतो, निर्णय वर होतो. मोठ्या सागरी सेतूंची नावं तर 2023 मध्ये थेट राज्य मंत्रिमंडळाने ठरवली.

सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे पूल बांधून होण्याआधीचा. लोकांच्या तोंडी एक नाव रुळलं की ते हलत नाही. पुण्यात छत्रपती संभाजी पूल विचारलात तर क्षणभर विचार करणारा माणूस लकडी पूल म्हटलं की लगेच हात दाखवतो. आचारसंहितेच्या तारखाही बघून ठेवा, नाहीतर मंजूर ठराव असूनही नामकरण अडकतं.

नाव किती लांब असावं यावर वाद होतो, आणि घरच्यांना एकही उपाधी गाळवत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: पाटीवर जास्तीत जास्त तीन शब्द आणि 'पूल'. 'कै.', 'लोकनेते', 'माजी अध्यक्ष' हे सगळं कोनशिलेवर जाऊ द्या. 'अटल बिहारी वाजपेयी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू' हे पूर्ण नाव कोण घेतं? पण शेवटचे दोन शब्द आधीच जोडलेले असल्याने लोक निदान 'अटल सेतू' तरी म्हणतात. छोटं रूप ठरावातच लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घही तिथेच तपासा, कारण रंगारी ठरावात आहे तसंच उतरवतो.

पाटीची जागा अभियंत्याला विचारून ठरवा. ताशी 50 किलोमीटरने जाणारं वाहन सेकंदाला सुमारे 14 मीटर कापतं, तेव्हा अक्षरं किमान 15 ते 20 सेंटिमीटर उंच आणि परावर्तक हवीत. दिशादर्शक किंवा वजनमर्यादेची पाटी झाकली जाता कामा नये. कठड्यात किंवा गर्डरमध्ये ड्रिल मारू देऊ नका. भोकातून पाणी आत झिरपतं आणि सळई गंजते. पुलाच्या तोंडाशी स्वतंत्र पाया घेऊन खांब उभे करा. प्रसरण सांध्याच्या (उन्हाने पूल प्रसरण पावतो म्हणून ठेवलेल्या फटीच्या) दोन्ही बाजूंना एकच पाटी बसवली तर ती उन्हाळ्यात वाकते किंवा बोल्ट निसटतात. कोनशिलेसाठी ग्रॅनाइटमध्ये कोरलेली अक्षरंच घ्या, चिकटवलेली पितळी अक्षरं चोरीला जातात.

पाटी लागली की ठरावाची प्रत खात्याच्या पूल नोंदवहीत नोंद करायला द्या. शहर बससेवेला थांब्याचं नाव बदलायचं पत्र द्या आणि गूगल मॅपवर बदल सुचवताना पाटीचा फोटो जोडा. जुनं नाव मात्र तिथे पर्यायी म्हणून राहू द्या, नाहीतर रिक्षावाले महिनाभर पत्ता विचारत फिरतील.