चिपवर पाणी पडलं की

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. बारावीनंतर केमिस्ट्रीपासून सुटलो असं वाटलं होतं, एम.टेक.ला बायोसेन्सरचा, म्हणजे प्रोटीनसारखे जैविक रेणू ओळखणाऱ्या चिपचा, विषय मिळाला आणि ती पुन्हा गळ्यात पडली.

माझी चिप आयएसफेट प्रकारची. आयएसफेट म्हणजे मॉसफेट या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचं धातूचं गेट (करंट कमी-जास्त करणारं टोक) काढून तिथे द्रावण आणायचं, मग द्रावणातला विद्युतभार करंट बदलतो. नेदरलँड्सच्या पीट बर्गवेल्ड यांनी 1970 साली मांडलेली कल्पना. कागदावर अर्ध्या तासात समजते.

पहिल्याच महिन्यात मला ‘निकाल’ मिळाला. अँटिबॉडी (ठराविक प्रोटीन पकडणारा रेणू) लावलेल्या चिपवर प्रोटीनचा थेंब टाकला, करंट झकास सरकला. आलेख सरांना पाठवणार, तेवढ्यात लॅबमधल्या ताईने विचारलं, “अँटिबॉडी न लावलेल्या चिपवर टाकून बघितलंस?” टाकलं. तेवढाच सरकला! रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो, स्थिर राहायला हवा असा) म्हणून मी नुसती प्लॅटिनमची तार बुडवली होती. प्रोटीन तिलाही चिकटत होतं, तिचं पोटेन्शियल हलत होतं आणि बिचारा ट्रान्झिस्टर इमानाने तेच सांगत होता. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा नीट इलेक्ट्रोड लावला, निकाल गायब.

म्हणून नवीन माणसाने लगेच प्रोटीनच्या मागे लागू नये. आधी 4, 7 आणि 10 पीएचची बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी द्रावणं, घ्या. साध्या रचनेत 25 अंश सेल्सिअसला एका पीएचमागे जास्तीत जास्त 59 मिलिव्होल्ट मिळतात. 80 आले तर पेढे वाटू नका, चिपच्या जोडण्या झाकणारं एपॉक्सी तपासा. बहुधा कुठूनतरी पाणी झिरपून लीकेज होतंय. आणि मोजण्याआधी चिप रात्रभर बफरमध्ये ठेवा, मटकी भिजत घालतो तशी. ड्रिफ्ट, म्हणजे रीडिंगचं आपोआप सरकत राहणं, बराच कमी होतो.

खरी गोम मिठात आहे. रक्ताइतक्या खारट द्रावणात चिपला जेमतेम 0.7 नॅनोमीटरपर्यंतचा विद्युतभार जाणवतो. त्यापलीकडचा भार मिठाचे आयन झाकून टाकतात. अँटिबॉडीच मुळी 10 नॅनोमीटरच्या आसपास, मग तिने पकडलेलं प्रोटीन दिसणार कसं? बफर शंभर पट पातळ केलं की हे अंतर दहा पट वाढतं, 7 नॅनोमीटर होतं. शोधनिबंधातले देखणे आलेख बघताना बफर किती पातळ होतं ते आधी शोधा, मी आता तेच करतो.

पेशींवर ही युक्ती चालत नाही. इतक्या पातळ पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. तिथे इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा विरोध, मोजणं बरं: कमी फ्रिक्वेन्सीला पेशीचं आवरण करंट अडवतं, वाढवत नेली की करंट आतून जाऊ लागतो.

चिप बनवायला शिकायचं तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीतल्या सोयी आयएनयूपी या केंद्र सरकारच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स योजनेतून बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही वापरता येतात. पिपेट धरायला मात्र मी शेजारच्या विभागात, बी.एस्सी.च्या पोरांच्या रांगेत उभा राहून शिकलो. पहिले दोन दिवस माझ्या प्रत्येक थेंबात बुडबुडा होता.