घरी बनवलेल्या सर्किट बोर्डावरील तांबे काळे पडू नये म्हणून

नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढलेल्या बोर्डाचे उघडे तांबे दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, लवकर काळवंडते आणि मग त्यावर सोल्डर (सुटे भाग जोडण्यासाठी वितळवला जाणारा धातू) नीट बसत नाही. रोझिनचा (पाइन झाडाच्या राळेचा) पातळ थर हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि हाच थर सोल्डरिंगच्या वेळी फ्लक्सचेही, म्हणजे तांबे स्वच्छ करून सोल्डर नीट पसरू देणाऱ्या पदार्थाचेही, काम करतो.

१. सोल्डरिंगच्या रोझिनची बारीक पूड करून एक भाग पूड सुमारे पाच भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकणाच्या बाटलीत रात्रभर विरघळू द्यावी आणि तळाचा गाळ गाळून टाकावा.

२. छिद्रे पाडून झाल्यावर तांबे बारीक पॉलिश पेपरने गुलाबी चमक येईपर्यंत घासावे, भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे व शेवटी अल्कोहोलने पुसावे. यानंतर तांब्याला बोट लावू नये, कारण घामाचे ठसे थराखालीही उमटतात. सर्वाधिक वेळ याच पायरीला द्यावा; इथली घाई पुढे कशानेही भरून निघत नाही.

३. मऊ ब्रशने एकच पातळ हात द्यावा आणि बोर्ड आडवा ठेवून धूळविरहित जागी वाळवावा. जाड थर बरेच दिवस चिकट राहतो.

कनेक्टरमध्ये सरकणाऱ्या पट्ट्या आणि बटणांखालचे संपर्कबिंदू मात्र कोरे ठेवावेत, कारण वाळलेले रोझिन वीजरोधक असते. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गरम सोल्डरिंग आयर्नपासून दूर करावे.