बॅटरीवरच्या रेडिओला एलिमिनेटर बनवताय? या चुका टाळा

एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारं सर्किट, जोडताना मामाचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) बॅटरी रेडिओ मी एका सेकंदात मारला. 90 व्होल्टची वायर लाल आणि फिलामेंटची, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या बारीक तारेची, 1.4 व्होल्टचीही लालच. अदलाबदल झाली, चारही व्हॉल्व्ह लख्खकन चमकले आणि विझले. डीके96, डीएफ96, डीएएफ96, डीएल96, सगळा संच गेला. आता फिलामेंटची वायर पिवळी, प्लग वेगळे, आणि आधी रिकाम्या सॉकेटवर मीटर.

रिकाम्या एलिमिनेटरचं व्होल्टेज मोजून खूश होणं ही दुसरी चूक, आणि जास्त फसवी. चार फिलामेंटना मिळून जेमतेम 125 मिलिअँपिअर लागतात. तेवढा लोड द्यायला 22 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडा, मग मोजा. त्यात आपला मे महिना! मोहल्ल्यातले कूलर सुरू असले की माझ्याकडे मेन्सला 205 व्होल्ट, पहाटे 240. रेग्युलेटर नसेल तर फिलामेंटवरही तोच चढउतार. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात एलएम317 हा रेग्युलेटर सहज मिळतो. 240 आणि 27 ओहमचे रेझिस्टर लावले की 1.39 व्होल्ट येतात. 27 च्या जागी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा मोह होतो, पण त्याचा संपर्क सुटला की इनपुटचं जवळजवळ सगळं व्होल्टेज फिलामेंटवर. पुन्हा लख्ख.

रेडिओ घुमतो तेव्हा सगळे 90 व्होल्टचा कंडेन्सर बदलत बसतात. पण या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असतो, त्यामुळे तिथली 100 हर्ट्झची घुमघुम थेट आवाजात उतरते. फिलामेंट तेवढं टॉर्चच्या सेलवर चालवून बघा. घुमणं थांबलं तर दोष 1.4 च्या लाइनमध्ये.

ट्रान्सफॉर्मर वाचवायला नुसता कंडेन्सर लावून 230 उतरवणारे भेटतात. चॅसिस थेट मेन्सवर येते. यावर वाद नको, करू नका. 90 च्या कंडेन्सरवर 100 किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवा, नाहीतर स्विच बंद करूनही झटका बसतो. मोबाइल चार्जरही नको, त्याची शिट्टी मीडियम वेव्हवर ऐकू येते आणि नागपूर केंद्राचं 585 किलोहर्ट्झ तिथंच आहे.

आणि घरघर फक्त दुपारीच येत असेल, तर एलिमिनेटर खोलण्याआधी कूलर बंद करून बघा.