कोल्हापुरी घेताना आधी कड बघा

कोल्हापुरी हातात आली की बहुतेकांची नजर वेणीवर, गोंड्यावर आणि रंगावर जाते. जोडी आधी उलटी करा. चामडे कसे आहे ते तळाच्या कडेला आणि पट्ट्याच्या मागल्या बाजूला कळते, कारण तिथे रंग-पॉलिशचा हात कमी फिरलेला असतो.

कड उजेडात धरा. अस्सल कोल्हापुरीचा तळ चामड्याचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. थर मोजता येतात आणि प्रत्येकात एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात. नखाने खरवडले तर तंतू उभे राहतात. भुगा पडला किंवा पापुद्रा सुटला, तर तो लेदर बोर्ड, म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून दाबलेला पुठ्ठा. भेसळ बहुतेक इथेच असते: वरचा-खालचा थर खरा, मधले पुठ्ठ्याचे. अशी जोडी पहिल्या पावसात फुगते आणि टाचेकडून उकलायला लागते. कडेला जाड रंग फासलेला असेल तर वादीच्या टाक्यांच्या भोकात डोकवा. तिथे रंग सहसा पोचत नाही.

कडेचा रंगही बोलतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे आतपर्यंत फिकट तपकिरी असते. क्रोम या धातूच्या क्षारांनी कमावलेल्याचा गाभा, आरपार रंगवलेला नसेल तर, निळसर राखाडी दिसतो. मागल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. वनस्पतीने कमावलेल्या कोऱ्या चामड्यात तो थोड्याच वेळात मुरतो आणि जागा गडद होते. रेग्झिनवर तो मण्यासारखा बसून राहतो. तेल पाजलेल्या चामड्यावरही थेंब टिकतो, म्हणून ही परीक्षा वरच्या बाजूला करू नका.

खात्रीच करायची तर दुकानदाराकडून कापातला तुकडा मागून घ्या. गंजका खिळा दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि त्या पाण्याचा थेंब तुकड्यावर टाका. वनस्पतीने कमावलेले चामडे बघता बघता काळे पडते. हिरड्यातले टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरड्याची जुनी काळी शाई याच जोरावर व्हायची. हा डाग सहजासहजी जात नाही, म्हणून ओली कोल्हापुरी लोखंडी रॅकवर ठेवू नये.

जाळून बघण्याच्या परीक्षेवर फार विसंबू नका. रेग्झिन वितळून गोळी होते आणि चामड्याला जळक्या केसांचा वास येतो, हे खरे. पण लेदर बोर्डातही चामड्याचा चुरा असतोच, त्यामुळे वास त्यालाही येतो.

आता तळ दोन्ही हातांनी वाकवा. बारीक सुरकुत्या पडून सोडल्यावर मिटल्या तर चामडे घट्ट आहे. जाड, सैल वळ्या पडल्या तर ते पोटाकडचे कातडे असण्याचा संभव जास्त. जनावराच्या पाठीचे कातडे दाट असते, पोटाचे विरळ आणि ताणले जाणारे. तळाला पाठीचेच हवे. वाकवताना चीर पडली तर चामडे कोरडे झाले आहे किंवा केस काढायच्या चुन्याच्या पाण्यात जास्त दिवस राहून तंतू कमजोर झाले आहेत. दोन्ही पायांचे तळ आळीपाळीने दाबून पाहा. एक कडक, एक मऊ असेल तर ते कातड्याच्या वेगवेगळ्या भागांतून कापलेत आणि झिजतीलही वेगवेगळे. रंगीत जोडीवर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर पायही रंगतील. वास ओल्या लाकडासारखा, सालीचा असावा. सडका वास आला तर कातडे नीट कमावलेले नाही.

करकर आवाजावरून मात्र काही ठरवू नका. तो तळाच्या थरांत मुद्दाम सोय करून आणता येतो.

जनावर कोणते, कमावले कुठे, शिवले कोणी

हे तीन प्रश्न दुकानातच विचारायचे. आज तळाला बहुधा म्हशीचे आणि वेणीला शेळीचे चामडे असते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी आली, 2015 च्या दुरुस्तीने ती बैल-वळूंनाही लागू झाली. म्हैस त्यात नाही. बहुतेक चामडे मांसाच्या धंद्यातून येते. ज्याला त्यात भाग नको त्याने चामडे घेऊ नये, तो निर्णय आदराचाच आहे. पण ‘व्हेगन लेदर’ या नावाखाली बहुतेक वेळा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिक मिळते. दमट हवेत काही वर्षांत त्याची साल सुटते आणि ते कुजतही नाही. त्यापेक्षा कापडी किंवा तागाची चप्पल बरी.

कमावण्याचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, मग त्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरून टांगून ठेवतात. यात क्रोम नाही, पण चुना, मीठ आणि घाण पाणी आहेच. म्हणून ‘नैसर्गिक’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. सांडपाण्याचे काय करतात तेही विचारा. तमिळनाडूत टॅनरींच्या, म्हणजे चामडे कमावणाऱ्या कारखान्यांच्या, सांडपाण्याने पालार नदीचे खोरे नासले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लागू केले. क्रोमची दोन रूपे इथे महत्त्वाची. चामड्यात सहसा असते ते त्रिसंयुजी क्रोम. निष्काळजी प्रक्रियेत त्यातून षट्संयुजी क्रोम तयार झाले तर ते घातक ठरते. युरोपीय संघाने कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम ठेवली आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि आमच्या मते तोच पहिला असावा. कातडे कमावणारा ढोर समाज आणि चप्पल शिवणारा चर्मकार समाज यांनी ही कला जपली आणि तिच्यापायीच अस्पृश्यता सोसली. 2016 मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली. म्हणजे हे ओझे उतरलेले नाही. वेणी विणणे, गोंडे करणे हे काम बरेचदा घरातल्या बायका करतात आणि हिशेबात ते वेगळे धरले जात नाही.

2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल अशी कायद्याची ओळख, मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. जोडीवर मानांकनाची खूण किंवा क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. नसेल तर विचारा: ही वेणी कुठल्या गावात विणली? तुटली तर तुम्हीच शिवून द्याल का? जो कारागिराला ओळखतो तो निपाणी, अथणी, कापशी असे गावाचे नाव घेतो. रस्त्यावर 300 रुपयांना ‘अस्सल’ म्हणून मिळणाऱ्या जोडीत पुठ्ठा असतो, नाहीतर कुणाची तरी मजुरी बुडालेली असते. किंमत परवडत नसेल तर घासाघीस करण्यापेक्षा काम कमी असलेली जोडी मागा: गोंडा नको, साधा पट्टा चालेल.

माप आणि निगा

संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. चपलेचा अंगठा आणि पट्टा जरा घट्टच घ्या, वापराने ते सैलावतात. तळ मात्र वाढत नाही, म्हणून टाच बाहेर येता कामा नये. नव्या जोडीला चमचाभर एरंडेल किंवा खोबरेल तेल पट्ट्यांना आणि कडांना चोळून रात्रभर ठेवा. आठवड्याने पुन्हा एकदा. जास्त तेलाने तंतू ढिले पडतात आणि धूळ चिकटते. पहिले चार-पाच दिवस रोज तासभरच घाला.

भिजली तर सावलीत, आडवी वाळवा. ओले चामडे कडक उन्हात किंवा हीटरजवळ आक्रसते आणि कडक होऊन चिरते. पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि ते ओलावले की बदला. पावसाळ्यात जोडी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळा, पंधरा दिवसांनी एकदा हवा द्या. बुरशी आलीच तर निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर घेऊन फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच तेलाचा हात फिरवा.