पिकअपने किती वजन ओढावे, हे ब्रेकवरून कसे ठरवावे

पिकअपच्या मागे ट्रॉली जोडण्याचा विचार आला की बहुतेक मालक आधी इंजिनाची ताकद विचारतात. परंतु जे वजन गाडी पहिल्या गिअरमध्ये सहज हलवते, ते तिला वेळेत थांबवता येईलच असे नाही. म्हणून सुरक्षित क्षमता ठरवताना ब्रेकचा विचार आधी करावा.

सुरुवात आरसीपासून करावी. तिच्यावर रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरकात चालक, मदतनीस, माल आणि ट्रॉलीचा हुकावर येणारा भार, हे सर्व बसवायचे असते. समजा, रिकामे वजन १,७५० किलो आणि एकूण वजन २,९५० किलो आहे, म्हणजे १,२०० किलो हाती राहतात. त्यांतून दोन माणसांचे १४० किलो वजा करावेत. मालासह १,००० किलोंची ट्रॉली असेल, तर तिच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर यायला हवा. तो १२० किलो धरल्यास हौद्यात ९४० किलोच माल भरता येतो. ट्रॉलीत माल मागच्या बाजूला रचून हुकावरचा भार कमी केला, तर वेग वाढताच ती डावीउजवीकडे झोल खाऊ लागते. ओढण्याची मर्यादा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी आणि तेथे आकडा दिलेला नसेल, तर ती शून्य समजावी, असे माझे ठाम मत आहे.

वजन अंदाजाने धरू नये. काटोल-नरखेडकडून कळमना बाजारात संत्री आणताना क्रेट मोजून वजन सांगितले जाते, पण ब्रेकला ओझे पडते ते खऱ्या किलोंचे. धर्मकाट्यावर गाडी रिकामी, भरलेली आणि ट्रॉलीसह अशी तीनदा तोलावी. शक्य असल्यास फक्त मागची चाके काट्यावर घेऊन मागच्या एक्सलचा भारही पाहावा. टायरच्या कडेवर छापलेला लोड इंडेक्सही वाचावा. उदाहरणार्थ, १०४ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ९०० किलो.

आता थांबण्याचे अंतर. चांगले ब्रेक असलेली गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता साधारण २३ मीटरमध्ये थांबते, असे धरू. तिच्या निम्म्या वजनाची, स्वतःचे ब्रेक नसलेली ट्रॉली जोडली आणि ब्रेकचा जोर तेवढाच राहिला, तर हेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. शिवाय पाय पेडलवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. युरोपात ७५० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, ते याच कारणाने.

आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. अनेक पिकअपमध्ये तो चेसिसला बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला असतो. माल भरल्यावर मागची बाजू जितकी दबते, तितका दाब तो मागच्या ब्रेककडे जाऊ देतो. जास्त माल नेता यावा म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे (पोलादी पट्ट्या) घातले, की गाडी दबतच नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच भासते आणि ओझे सर्वाधिक असतानाच मागचे ब्रेक कमी जोराने लागतात. पाटे वाढवल्याने गाडीची क्षमता वाढली, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. पाटे मूळ संख्येवर आणावेत आणि दांडी पुस्तिकेप्रमाणे बसवून घ्यावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ब्रेकची उष्णता हवेत लवकर निघून जात नाही. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग ऑईलमध्ये वाफ होते आणि पेडल खाली बसते. म्हणून छिंदवाड्याच्या रस्त्यावरील सिल्लेवानी घाटासारखा उतार भरल्या गाडीने उतरताना ज्या गिअरने चढावे लागले असते, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण इंजिन बंद असता, पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदत तीनचार दाबांतच संपते.

शेवटी मोकळ्या, सपाट मैदानावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. ताशी ४० किलोमीटरवर ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक दाबून थांबण्याचे अंतर टेपने मोजावे: प्रथम रिकाम्या, मग भरलेल्या आणि नंतर ट्रॉली जोडलेल्या गाडीचे. गाडी एका बाजूला ओढते का आणि लागोपाठच्या पाचव्या खेपेला पेडल अधिक खाली जाते का, हे पाहावे. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, हात धरावा. एकच चाक फार तापले असेल, तर तेथील ब्रेक अडकून राहतो आहे. जोडीच्या चाकापेक्षा थंड राहिलेले चाक ब्रेक नीट लावत नाही, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीला ट्रॉली जोडू नये.