गावातले आकाशदर्शन नेमके कुठे फसते? या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा शहरातल्या लोकांना अप्रूप वाटले. जंगलालगतच्या खेड्यांना त्यात नवे काही नव्हते. मेळघाट, गडचिरोली किंवा यवतमाळच्या आडवळणाच्या गावांत रात्रीचा अंधार अजून बराचसा शाबूत आहे. असे असूनही एखादी शाळा, ग्रामपंचायत किंवा युवक मंडळ मोठ्या हौसेने आकाशदर्शन ठेवते आणि तासाभरात निम्मे गाव घरी परतते, हे वारंवार घडते. दोष बहुतेक वेळा दुर्बिणीला दिला जातो. प्रत्यक्षात कार्यक्रम फसलेला असतो तो दुर्बीण पेटीतून बाहेर निघण्याच्या आधीच, तारीख आणि जागा ठरवताना.

तिथी न पाहता तारीख ठरवणे

कोजागिरीला सगळे गाव जागेच असते, तेव्हा त्याच रात्री दुर्बीण लावावी, हा विचार सोयीचा वाटतो. परंतु पौर्णिमेला सूर्याचे किरण चंद्राच्या आपल्याकडील बाजूवर समोरून पडतात, विवरांच्या आणि डोंगरांच्या सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, आणि दुर्बिणीत दिसतो तो डोळे दिपवणारा सपाट गोळा. विवरे उठून दिसतात ती चंद्रावरील उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेजवळ, कारण तेथे ऊन तिरपे पडते व सावल्या लांबतात. त्यामुळे शुक्ल सप्तमी ते नवमी या तिथी सर्वांत उत्तम. तृतीयेची कोर देखणी असते, पण स्वयंपाकपाणी उरकून बायाबापड्या बाहेर पडेपर्यंत ती मावळतीला टेकलेली असते.

याच्या उलट, ‘खरा अंधार’ हवा म्हणून थेट अमावास्या निवडणे हीदेखील चूकच. अवसेच्या रात्री लहान मुलांना घराबाहेर पाठवायला अनेक घरे तयार नसतात, आणि त्या विषयावर वाद घालण्याची जागा कार्यक्रमाचे निमंत्रण ही नव्हे. कृष्ण पक्षात अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. म्हणजे संध्याकाळचा अंधार तोच मिळतो आणि अवसही टळते.

तिथीइतकेच शेतीचे वेळापत्रकही पाहावे लागते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, त्यानंतर कापसाची वेचणी, आणि रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्याची घाई. त्या आठवड्यात शेतीपंपांना वीज रात्री मिळणार असेल, तर निम्मे पुरुष शेतात असतील; तेव्हा विजेचे वेळापत्रक विचारल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. माझ्या मते संक्रांतीनंतरचे आठ-दहा आठवडे आपल्या भागात सर्वांत सोयीचे आहेत. त्या काळात आकाश बहुतेक निरभ्र असते आणि कृत्तिका, रोहिणी, मृग व व्याध हे सगळे संध्याकाळीच वर आलेले असतात.

जूनमध्ये मृग दाखवण्याचे आश्वासन

ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पाऊस आणि पेरणी यांच्याशी जोडलेली नक्षत्रे विदर्भातील शेतकऱ्याला पाठ असतात: २५ मेच्या आसपास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. हे ऐकून उत्साही संयोजक जूनच्या सुरुवातीला ‘चला, मृग पाहू या’ अशी दवंडी देतात आणि रात्री कोणालाच मृग सापडत नाही. मृग ‘लागले’ याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. ज्या नक्षत्रात सूर्य असतो ते दिवसा सूर्याबरोबरच आकाशात असते आणि त्याच्याबरोबरच मावळते. म्हणून पेरणीच्या दिवसांत रात्री मृग दिसणे शक्यच नाही. ते पाहायचे तर जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मान वर करावी. जूनमध्ये ढग नसतील, तर रात्री नऊला डोक्याजवळ स्वाती, दक्षिणेकडे चित्रा आणि आग्नेयेला वर चढत असलेला वृश्चिकाचा विंचू दाखवता येतो.

एवढी एक गोष्ट नीट समजावून सांगितली, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणजे काय होते हे सांगायला वेगळे व्याख्यान लागत नाही. समोरच्या आजोबांना सत्तावीस नक्षत्रे क्रमाने येत असतात. त्यांना परक्या देशांतील तारकासमूहांची नावे आधी शिकवत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि थोडासा उद्धटपणाही. गोंड समाजात सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांना खाट मानतात आणि मागच्या तीन ताऱ्यांत चोर पाहतात. गावात अशी कथा जाणणारे कोणी असेल, तर ध्वनिक्षेपक आधी त्यांच्या हाती द्यावा.

पाहुण्यांच्या सोयीची, आकाशाच्या गैरसोयीची जागा

वीज आणि खुर्च्या मिळतात म्हणून कार्यक्रम शाळेच्या गच्चीवर किंवा ग्रामपंचायतीसमोर ठेवला जातो. तेथे पथदिव्याचा झोत थेट डोळ्यांत येतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. त्यावरून उठणाऱ्या गरम हवेमुळे दुर्बिणीतला ग्रह पाण्याखाली असल्यासारखा हलतो. गावाबाहेरचे खळे किंवा शाळेचे मैदान यापेक्षा कितीतरी चांगले. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका मोबाइलच्या फ्लॅशने ती सगळी वाया जातात. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधावा आणि भ्रमणध्वनी खिशात ठेवण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. जागा दिवसा साफ करून घ्यावी, कारण साप-विंचवांचे भय खरे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडील जंगलालगतच्या गावांनी वनविभागाला पूर्वसूचना द्यावी आणि रात्री लोकांना गटाने घरी पोहोचवण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

दुर्बिणीच्या नेहमीच्या तक्रारी

‘काहीच दिसत नाही’ ही पहिली तक्रार, आणि तिचे कारण बहुधा शोधक दुर्बीण जुळवलेली नसणे हे असते. मुख्य दुर्बिणीला जोडलेली ही लहान दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या मंदिराच्या कळसावर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर धरून जुळवून ठेवावी. रात्री अंधारात तिचे स्क्रू फिरवत बसणे व्यर्थ आहे. हे करताना दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळता कामा नये.

दुसरी तक्रार अंधूक चित्राची. पेटीवर पाचशे-सहाशे पट वर्धन छापलेले असते, म्हणून संयोजक सर्वांत जास्त वर्धनाची नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, लावतात. उपयुक्त वर्धनाची मर्यादा वस्तुभिंगाच्या (पुढच्या मोठ्या भिंगाच्या) व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट असते. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटीपलीकडे चित्र केवळ मोठे आणि पुसट होत जाते. ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (वस्तुभिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ३६ पट वर्धन मिळते, आणि सुरुवात नेहमी त्यावरूनच करावी. १० मिलिमीटरची नेत्रिका लावून ९० पट वर्धन घेतले, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह जेमतेम दोन मिनिटांत नजरेच्या टप्प्याबाहेर सरकतो. रांगेतल्या दर तीन-चार माणसांनंतर नेम तपासणारी एक व्यक्ती दुर्बिणीजवळ हवीच.

चित्र थरथरत असेल तर तिवईच्या मध्यभागी रेतीची पिशवी टांगावी. हिवाळ्यात काचेवर दव साचते. ते रुमालाने पुसल्यास भिंगाचा लेप खरवडतो, म्हणून नळीच्या पुढे जाड कागदाची गुंडाळी लावून दव आधीच अडवावे. मुलांसाठी पक्का स्टूल आणि वृद्धांसाठी खुर्ची ठेवावी, नाहीतर तोल सांभाळायला प्रत्येक जण दुर्बिणीलाच धरतो.

रांगेचा हिशेबही आधी करावा. दीडशे माणसांना प्रत्येकी ४० सेकंद दिले तरी एक तास चाळीस मिनिटे लागतात. एवढा वेळ लोक उगीच उभे राहणार नाहीत. दुसरी दुर्बीण नसेल तर उघड्या डोळ्यांनी दिसणारे आकाश हाच मुख्य कार्यक्रम समजावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात एक फेरी पूर्ण करते. ते आपल्या गावावरून संध्याकाळी कधी जाणार हे आधी पाहून ठेवले, तर ठरल्या मिनिटाला ठरल्या दिशेने तो ठिपका उगवताना संपूर्ण गाव एकदम पाहू शकते.

फलकावर मात्र अवकाश दुर्बिणींनी घेतलेली रंगीत छायाचित्रे छापू नयेत. ती पाहून आलेल्या माणसाला शनी हरभऱ्याच्या दाण्याएवढाही दिसत नाही आणि तो फसवला गेल्याची भावना घेऊन जातो. शनीची कडी २०२५ मध्ये कडेकडून दिसत असल्याने जवळजवळ दिसेनाशी झाली होती आणि पुढील काही वर्षांत ती हळूहळू उघडत जाणार आहे. हे आधी सांगितले तर तीच बारीक रेघ पाहण्यासारखी वाटते.

ग्रहणाच्या वेळी केलेले धाडस

ग्रहण हा गर्दीचा हमखास दिवस, आणि म्हणूनच धोक्याचा. एक्स-रेची फिल्म, काळा गॉगल, काजळी धरलेली काच किंवा पाण्याच्या परातीतले सूर्याचे प्रतिबिंब यांपैकी कशानेही डोळे सुरक्षित राहत नाहीत. प्रमाणित ग्रहणचष्मे वापरावेत. नाहीतर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. कडुनिंबाच्या पानांतल्या फटींमधूनही खाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात. गर्भवती स्त्रियांना घरात बसवणाऱ्या सासूबाईंची चारचौघांत थट्टा केली तर पुढच्या वेळी त्या घरातून कोणीच येणार नाही. त्यांना अंगणातली ती कोरींची नक्षी दाखवणे अधिक उपयोगी. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास असेल, पण ते भर पावसाळ्यात येते, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

‘चंद्रपूरची रिंग’ या प्रश्नाला टाळणे

चांद्रयान-३ चे २३ ऑगस्ट २०२३ चे अवतरण सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे संयोजक त्यावरच बोलत राहतात. गावातला माणूस मात्र विचारतो ते २ एप्रिल २०२२ च्या, गुढीपाडव्याच्या संध्याकाळबद्दल. त्या दिवशी आकाशातून जळत जाणारे तुकडे दूरवर दिसले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत विझते, तर कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा टप्पा तुलनेने संथ असल्यामुळे तुकडे होत होत बराच वेळ दिसतो, हा फरक येथे सहज सांगता येतो. सोबत हेही सांगावे, की अशी वस्तू शेतात सापडल्यास तिला हात लावू नये, कारण तिच्यात विषारी इंधनाचे अवशेष असू शकतात, आणि लगेच पोलीस पाटलांना कळवावे.

ऐनवेळी ढग आले तर कार्यक्रम गुंडाळण्याऐवजी दुर्बीण उघडून दाखवावी, भिंगे कशी बसवली आहेत ते मुलांना हाताळू द्यावे, आणि पुढची तिथी लोक उठण्यापूर्वीच जाहीर करावी.